उभयचर दलांची विभागणी: लाभ आणि मर्यादा

समुद्रमार्गे येऊन किनाऱ्यावर सैन्य उतरविण्याच्या मोहिमेस उभयचर कारवाई म्हणतात. अशा मोहिमेसाठी मोठे दल एकाच किनाऱ्यासमोर एकवटण्याची पद्धत होती. मात्र उपग्रह, ड्रोन आणि लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांमुळे मोठा ताफा लपविणे कठीण झाले आहे. १९८२च्या फॉकलंड युद्धात 'सर गॅलाहॅड' या एकाच ब्रिटिश जहाजावरील बॉम्बहल्ल्यात ४८ जणांचा मृत्यू झाला होता. त्यामुळे दलाच्या लहान तुकड्या करून त्या अनेक ठिकाणी विखुरण्याकडे कल वाढला आहे. अमेरिकेच्या मरीन कोअरने २०२२ मध्ये हवाई येथे याच उद्देशाने नव्या रचनेची रेजिमेंट उभारली.

एकाच किनाऱ्यावर विसंबण्याचा धोका भारतानेही अनुभवला आहे. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानी सैनिकांचा ब्रह्मदेशाकडे जाणारा मार्ग रोखण्यासाठी गुरखा आणि बिहार रेजिमेंटचे जवान कोलकात्याहून 'विश्वविजय' या व्यापारी जहाजाने कॉक्स बाजारकडे निघाले. किनाऱ्याची पुरेशी पाहणी झालेली नव्हती. सैन्य उतरविणारे जहाज वाळूच्या दांड्यावर अडकले. दांड्यापलीकडे पाणी खोल होते. त्यात जवानांना प्राण गमवावे लागले.

विखुरलेल्या कारवाईसाठी उथळ पाण्यात जाणारी लहान जहाजे लागतात. कोलकात्याच्या गार्डन रीच जहाजबांधणी कारखान्याने अशी ८ जहाजे बांधली. त्यांपैकी 'एल-५१' मार्च २०१७ मध्ये, तर शेवटचे 'एल-५८' मार्च २०२१ मध्ये नौदलात दाखल झाले. सुमारे ६३ मीटर लांबीच्या या जहाजातून १६० जवान किंवा रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरविता येतात. याउलट, २००७ मध्ये दाखल झालेले 'जलाश्व' सुमारे १७ हजार टनांचे आहे. अंदमान-निकोबारच्या पाचशेहून अधिक बेटांवर एकाच वेळी लक्ष ठेवायचे, तर एका मोठ्या जहाजापेक्षा अनेक लहान जहाजे अधिक उपयुक्त ठरतात. त्यांपैकी एखादे गमावले, तरी मोहीम सुरू राहू शकते.

तथापि, या पद्धतीला मर्यादाही आहेत. प्रत्येक तुकडीला इंधन, दारूगोळा आणि पिण्याचे पाणी स्वतंत्रपणे पोहोचवावे लागते. जखमींना हलविण्यास विलंब होतो. संदेशवहन तुटल्यास तुकडीच्या कनिष्ठ अधिकाऱ्यालाच निर्णय घ्यावा लागतो. शिवाय संदेश पाठविल्याने तिचा ठावठिकाणा शत्रूला समजू शकतो. तसेच लहान तुकडी प्रबळ शत्रूसमोर फार काळ तग धरू शकत नाही. म्हणूनच तुकड्या वेगळ्या ठेवतानाच, गरज पडताच त्या त्वरेने एकत्र आणण्याची व्यवस्थाही असावी लागते.