वितळजोडकाम यंत्रांचे उत्पादन

धातूंच्या कडा वितळवून त्या एकजीव करण्यासाठी लागणारी विद्युत् शक्ती योग्य स्वरूपात पुरविणारी यंत्रे व त्यांचे घटक तयार करण्याचा उद्योग. व्यवहारात या कामाला वेल्डिंग असेच म्हणतात. रशियात बेनार्डोस यांनी कार्बनाच्या कांडीने (१८८० नंतरच्या दशकात) व स्लाव्हयानॉव्ह यांनी धातूच्या कांडीने (१८८८) प्रज्योत जोडकाम साधले. परंतु त्यास कारखानदारीचे रूप आले ते स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यांनी लेपित विद्युत् अग्र (कारागिरांच्या भाषेत ‘रॉड’) प्रचारात आणल्यावर. त्यांनी १९०४ मध्ये स्थापन केलेली ईसॅब ही कंपनी आजही या क्षेत्रात आहे.

भारतात या उद्योगाचा पाया स्वातंत्र्योत्तर काळात विस्तारला. मुंबईस १९५१ मध्ये स्विस सहकार्याने अडवाणी-ओर्लिकॉन ही कंपनी स्थापन झाली; तिचे नाव २००३ मध्ये अडोर वेल्डिंग असे झाले. पुण्याजवळील चिंचवड येथे तिचा यंत्रे बनविण्याचा कारखाना आहे. विदर्भात नागपूरजवळील कळमेश्वर औद्योगिक वसाहतीत ईसॅबचा कारखाना आहे. तिरुचिरापल्लीची वेल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूट (१९७५) ही या विषयातील संशोधनसंस्था होय. मोठ्या कारखान्यांखेरीज साधी रोहित्र यंत्रे लहान कार्यशाळांतूनही बनतात, कारण त्यांची रचना अवघड नाही.

रोहित्र : हा यंत्राचा गाभा होय. वाहिनीतील २३० किंवा ४१५ व्होल्टचा दाब तो बिनभार स्थितीत सु. ५० ते ८० व्होल्टपर्यंत उतरवितो. प्रज्योत पेटल्यावर दाब २० ते ३० व्होल्टच राहतो, मात्र प्रवाह शंभर-दोनशे अँपिअर किंवा अधिक असतो. सिलिकॉनयुक्त पोलादाच्या पातळ, परस्परांपासून निरोधित पत्र्यांचा थर रचून गाभा करतात. पत्रा अखंड घेतला, तर त्यात भोवरा प्रवाह निर्माण होऊन गाभा तापेल. गाभ्यावर वेटोळी चढवून, व्हार्निशात बुडवून ती भट्टीत वाळवितात. गाभ्याचा एक भाग सरकता ठेवून चुंबकीय गळती कमीजास्त करता येते व त्यायोगे प्रवाहाचे नियंत्रण होते. ही गळती दोष नसून हेतुपुरस्सर ठेवलेली असते : रॉड कामाला चिकटला, तरी प्रवाह बेसुमार वाढू नये, एवढ्यासाठी.

खरी काटकसर, आणि खरी फसवणूकही, वेटोळ्यांत होते. ॲल्युमिनियमची विद्युत् संवाहकता तांब्याच्या सु. ६१% असते, म्हणून त्याच प्रवाहासाठी तिची तार सु. १.६ पट आडव्या छेदाची घ्यावी लागते. तेवढी घेतल्यास यंत्र वाईट ठरत नाही. परंतु स्वस्त यंत्रांत तार तेवढी जाड नसते आणि अग्रांशी असलेले सांधे ऑक्साइडाच्या थरामुळे तापतात. म्हणून यंत्रावरील केवळ कमाल अँपिअर पाहू नयेत, त्यापुढील कार्यचक्राचा आकडाही पाहावा. ‘२०० अँपिअर, ६०%’ याचा अर्थ दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे तेवढा प्रवाह चालेल. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे अखंड काम करावयाचे असल्यास हेच यंत्र सु. १५५ अँपिअरवर चालवावे लागते.

देऊळगाव राजा (जि. बुलढाणा) यासारख्या तालुक्याच्या गावी नांगर, ट्रॉली, दारे-खिडक्या यांची दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने हा आकडा उपजीविकेचा प्रश्न होय. हंगामाच्या तोंडावर जळालेले वेटोळे पुन्हा भरून मिळेपर्यंत काम थांबते. शिवाय हे यंत्र दोन फेजांवर भार टाकते, त्यामुळे अशक्त वाहिनीवर शेजारच्या पंपांना मिळणारा दाबही खाली येतो.

इतर घटक : प्रवाह वाहून नेणाऱ्या केबली बारीक तांब्याच्या अनेक तारांच्या, रबरी आवरणाच्या व लवचिक असतात. रॉड धरणारा होल्डर निरोधित असावा लागतो. तो तुटका असल्यास घामाने किंवा पावसाने भिजलेल्या कारागिरास बिनभार दाबाचाच धक्का प्राणघातक ठरू शकतो. एकदिश प्रवाह हवा असल्यास पूर्वी सिलिनियमाचे, नंतर सिलिकॉनाचे एकदिशकारक वापरले जाऊ लागले.

अलीकडील इन्व्हर्टर यंत्रांत वाहिनीचा प्रवाह प्रथम एकदिश करून ट्रँझिस्टरांच्या साहाय्याने तो सेकंदाला हजारो वेळा खंडित करतात. कंप्रता वाढली की तेवढ्याच शक्तीसाठी रोहित्र लहान पुरते. म्हणून पूर्वी चाकांवरून ढकलावे लागणाऱ्या यंत्राचे काम खांद्याला अडकविता येणारा संच करतो. त्यांतील बरेच इलेक्ट्रॉनीय घटक, व पुष्कळदा तयार संचही, चीनमधून येतात. वेटोळे गावात भरून मिळते. जळालेले मंडलफलक मात्र बहुधा बदलावेच लागते.