खुर्ची सोडणाऱ्यांची गोष्ट

मुलांनो, संगीतखुर्ची तुम्ही सगळेच खेळला असाल. गाणं थांबलं, की धावत जाऊन खुर्ची पकडायची. ज्याला मिळाली तो राहिला, ज्याला मिळाली नाही तो बाद! राजे-महाराजांच्या इतिहासातही बहुतेक असंच चालायचं. एकदा सिंहासन मिळालं, की ते मरेपर्यंत सोडायचं नाही. सोडावं लागलंच, तर ते बहुधा तलवारीच्या धाकानं.

पण सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत एक निराळाच खेळ सुरू झाला. त्यात खुर्ची पकडणं हे निम्मंच काम होतं. वेळ झाली, की खुर्चीवरून उठून मुकाट्यानं घरी जाणं, ही खरी परीक्षा होती! या परीक्षेत कोण पास झालं आणि कोण कुठे नापास झालं, त्याचीच ही गोष्ट.

तेरा चुली, एक घर

त्या काळी अमेरिका म्हणजे अटलांटिक महासागराच्या काठावरच्या १३ इंग्रज वसाहती. ४ जुलै १७७६ रोजी त्यांनी इंग्लंडच्या राजापासून आपण स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. मग मोठं युद्ध झालं. अमेरिकन फौजेचे सेनापती होते जॉर्ज वॉशिंग्टन. १७८३ साली तह झाला आणि इंग्लंडनं हार मान्य केली.

आता विचार करा. जिंकलेला सेनापती, हाताशी फौज आणि जिकडे तिकडे जयजयकार! मनात आणलं असतं, तर वॉशिंग्टन स्वतःच राजा होऊन बसले असते. पण २३ डिसेंबर १७८३ या दिवशी ते ॲनापोलिस गावी गेले, काँग्रेससमोर उभे राहिले आणि त्यांनी आपलं सेनापतिपद परत करून टाकलं. दुसऱ्या दिवशी नाताळसाठी ते आपल्या शेतावरच्या घरी हजर!

राजा गेला खरा, पण घर नीट चालेना. १३ राज्यं म्हणजे १३ चुली मांडलेली भावंडं. मधल्या काँग्रेसला कर बसवायचा अधिकारच नव्हता, मग पैसा येणार कुठून? सैनिकांचे पगार थकले. मॅसॅच्युसेट्स राज्यात कर्जानं गांजलेल्या शेतकऱ्यांनी १७८६ साली बंड केलं. तेव्हा सगळ्यांना पटलं, की घर एक ठेवायचं तर नियम नीट लिहून काढायला हवेत.

म्हणून १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया शहरात ५५ प्रतिनिधी जमले. दारं बंद, बाहेर पहारेकरी! आतली चर्चा बाहेर सांगायची नाही, असं ठरलेलं. मोठी राज्यं म्हणाली, "माणसं मोजा आणि त्याप्रमाणे मतं द्या." छोटी राज्यं म्हणाली, "राज्य लहान असो की मोठं, सगळ्यांना सारखंच मत हवं." भांडण इतकं वाढलं, की सभा मोडते की काय असं वाटू लागलं. शेवटी तोड निघाली. दोन सभागृहं करायची. प्रतिनिधिगृहात लोकसंख्येप्रमाणे जागा आणि सिनेटमध्ये प्रत्येक राज्याच्या दोन. तेव्हाची ही तोड आजही तिथे चालू आहे.

१७ सप्टेंबरला ३९ जणांनी राज्यघटनेवर सह्या केल्या. त्यांत सर्वांत वयस्कर होते ८१ वर्षांचे बेंजामिन फ्रँकलिन. एका बाईंनी त्यांना विचारलं, "काय मिळालं आम्हांला? राजेशाही की प्रजासत्ताक?" फ्रँकलिन म्हणाले, "प्रजासत्ताक. तुम्हांला टिकवता आलं तर!" हे उत्तर त्या सभेतल्याच एका प्रतिनिधीनं आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं आहे.

अध्यक्षाला हाक कशी मारायची?

३० एप्रिल १७८९ रोजी वॉशिंग्टन यांनी न्यूयॉर्कमध्ये पहिले अध्यक्ष म्हणून शपथ घेतली. पण लगेच एक गमतीशीर प्रश्न उभा राहिला. अध्यक्षाला म्हणायचं काय? राजाला 'महाराज' म्हणतात, मग याला? उपाध्यक्ष जॉन ॲडम्स यांना भारदस्त पदवी हवी होती. सिनेटच्या समितीनं एक लांबलचक पदवी सुचवलीही. तिचा अर्थ साधारण असा, 'हिज हायनेस, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष आणि त्यांच्या स्वातंत्र्याचे रक्षणकर्ते'! म्हणता म्हणता दम लागेल, नाही का?

प्रतिनिधिगृहानं मात्र ठाम नकार दिला. 'मिस्टर प्रेसिडेंट' एवढंच पुरे! आणि अंगानं जरा स्थूल असलेल्या ॲडम्स यांनाच लोकांनी गमतीनं 'महाराज गोलमटोल' अशा अर्थाची पदवी देऊन टाकली.

ही बाब लहान वाटते, पण लहान नाही. नावातून सवयी लागतात. रोज 'महाराज' म्हणणारी माणसं हळूहळू वाकूही लागतात.

वॉशिंग्टन दोनदा, म्हणजे आठ वर्षं अध्यक्ष राहिले. तिसऱ्यांदा उभं राहायला घटनेची तेव्हा काहीच आडकाठी नव्हती. तरीही त्यांनी १७९६ साली वर्तमानपत्रातून लोकांचा निरोप घेतला आणि १७९७ च्या मार्चमध्ये ते पुन्हा शेतावर गेले. खुर्ची सोडण्याच्या परीक्षेत ते दुसऱ्यांदा पास झाले!

त्याच घरातली ओना

आता त्याच घराची दुसरी बाजू पाहू या. १७९० मध्ये राजधानी फिलाडेल्फियाला आली होती. तिथल्या अध्यक्षांच्या घरात ओना जज नावाची एक तरुणी होती. वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था यांचे कपडे सांभाळणं, शिवणटिपण करणं हे तिचं काम. ती गुलाम होती.

त्या राज्याचा एक कायदा होता. बाहेरून आणलेला गुलाम तिथे सलग सहा महिने राहिला, तर तो स्वतंत्र होऊ शके. म्हणून वॉशिंग्टन आपल्या गुलामांना सहा महिने भरायच्या आत राज्याबाहेर पाठवून परत आणत!

१७९६ साली ओनाला कळलं, की मार्था यांच्या नातीच्या लग्नात आपल्याला भेट म्हणून देणार आहेत. भेट! एखादी पैठणी किंवा भांडं द्यावं, तशी माणसाची भेट. मे महिन्यात एका संध्याकाळी घरातली मंडळी जेवायला बसली असताना ती गुपचूप बाहेर पडली. शहरातल्या कृष्णवर्णीय मित्रांनी तिला मदत केली. जहाजानं ती दूर उत्तरेला पोर्ट्समथ गावी पोहोचली. तिला पकडून देणाऱ्याला इनाम मिळेल अशी जाहिरात छापून आली. वॉशिंग्टन यांनी तिला परत आणायचे प्रयत्न केले, तेही एकदा नव्हे, दोनदा. पण ती परत गेली नाही.

तिथे ती वाचायला शिकली. गरिबीत दिवस काढले. म्हातारपणी तिला कोणी विचारलं, की एवढे कष्ट सोसलेस, पळून आल्याचा पस्तावा होतो का? तिनं साफ 'नाही' म्हणून सांगितलं. कारण ती स्वतंत्र होती.

बघा हं, देशाची खुर्ची सहज सोडणाऱ्या माणसाला ओनावरचा हक्क सोडवेना! १७९९ मध्ये वारलेल्या वॉशिंग्टन यांनी स्वतःच्या मालकीचे गुलाम पत्नीच्या मृत्यूनंतर मुक्त करावेत, असं मृत्युपत्रात लिहिलं होतं. मार्था यांनी त्यांना १८०१ च्या सुरुवातीलाच मुक्त केलं. पण ओना ही मार्था यांच्या माहेरच्या नव्हे, तर पहिल्या सासरच्या इस्टेटीतली मानली जाई. त्यामुळे कायद्याच्या नजरेत ती शेवटपर्यंत गुलामच राहिली.

त्र्याहत्तर – त्र्याहत्तर!

वॉशिंग्टन यांच्यानंतर जॉन ॲडम्स अध्यक्ष झाले. एव्हाना देशात दोन पक्ष पडले होते. ॲडम्स होते फेडरलिस्ट पक्षाचे. समोर होता थॉमस जेफरसन यांचा रिपब्लिकन पक्ष. (आजचा रिपब्लिकन पक्ष वेगळा, बरं का!) ॲडम्स आणि जेफरसन हे जुने मित्र, पण आता बोलेनासे झाले. १७९८ साली सरकारविरुद्ध खोटं आणि बदनामीकारक लिहिणाऱ्यांना शिक्षा देणारा कायदा आला. त्याखाली व्हरमाँट राज्याचे प्रतिनिधी मॅथ्यू लायन यांना चार महिने तुरुंगात टाकलं. लोकांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिलं! हे लायन लक्षात ठेवा हं, ते पुढे भेटणार आहेत.

१८०० सालची निवडणूक आली. नियम असा होता, की राज्यांनी नेमलेल्या प्रत्येक निर्वाचकानं दोन नावांना मत द्यायचं. सर्वांत जास्त मतं तो अध्यक्ष, त्याच्या खालचा उपाध्यक्ष. रिपब्लिकन पक्षाला जेफरसन अध्यक्ष आणि आरन बर उपाध्यक्ष हवे होते. म्हणजे कुणीतरी एकानं तरी बर यांचं मत गाळायला हवं होतं. पण कोणीच गाळलं नाही! निकाल लागला, जेफरसन ७३, बर ७३, ॲडम्स ६५.

बरोबरी झाली, की निर्णय प्रतिनिधिगृहानं करायचा, प्रत्येक राज्याला एक मत. राज्यं होती १६, जिंकायला हवी होती ९. ११ फेब्रुवारी १८०१ रोजी नव्या राजधानीत, वॉशिंग्टन शहरात, मतदान सुरू झालं. बाहेर बर्फ पडत होतं. जेफरसन ८, बर ६, आणि दोन राज्यं आपसांत विभागलेली. पुन्हा मतदान, पुन्हा तेच! रात्रभर मतदान चाललं. मधल्या वेळात सदस्य तिथेच डुलक्या काढत. मेरिलँडचे जोसेफ निकल्सन तापानं फणफणले होते. ते खाटेवर पडून बर्फातून आले. त्यांची पत्नी शेजारी बसून त्यांना मतपत्रिका लिहायला मदत करत होती. ते आले नसते, तर मेरिलँडचं मत त्याच दिवशी बर यांना गेलं असतं!

एक नाही, दोन नाही, ३५ फेऱ्या झाल्या, पण निकाल लागेना. ४ मार्चला नवा अध्यक्ष यायलाच हवा होता. दोन राज्यांच्या राज्यपालांनी सैन्याची तयारी ठेवली होती. नवं घर मोडणार की काय?

तेव्हा चिमुकल्या डेलावेअर राज्याचे एकुलते एक प्रतिनिधी जेम्स बेयर्ड यांनी हट्ट सोडायचं ठरवलं. ते फेडरलिस्ट होते, जेफरसन त्यांना मुळीच आवडत नव्हते. पण आपला माणूस हरला तरी चालेल, घटना मोडता कामा नये, असा त्यांनी विचार केला. १७ फेब्रुवारीला ३६ वी फेरी झाली. त्यांच्या पक्षाच्या काही जणांनी कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या. व्हरमाँटचे फेडरलिस्ट प्रतिनिधी आलेच नाहीत. मग व्हरमाँटचं मत कुणी दिलं असेल? बरोबर, मॅथ्यू लायन यांनी! जेफरसन यांना १० राज्यं मिळाली.

पहाटेची गाडी

४ मार्च १८०१. पहाटे चारच्या सुमारास हरलेले अध्यक्ष ॲडम्स घोडागाडीत बसून घरी निघून गेले. शपथविधीला ते थांबले नाहीत. रागावले असतील, दुखावलेही असतील. पण त्यांनी फौज बोलावली नाही, की दार लावून बसले नाहीत. दुपारी जेफरसन आपल्या खोलीवरून पायी चालत आले आणि त्यांनी शपथ घेतली. आपण वेगवेगळ्या पक्षांचे असलो तरी तत्त्वांनी एकच आहोत, असं त्यांनी भाषणात सांगितलं. रक्ताचा एक थेंबही न सांडता एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे देश गेला!

१८०४ मध्ये घटना दुरुस्त करून अध्यक्ष आणि उपाध्यक्षांची मतं वेगळी घ्यायचं ठरलं. चूक कळली, की नियम सुधारायचा, हेही प्रजासत्ताकाचंच काम.

पण मतं कोणाची?

या खेळात सगळ्यांना घेतलं होतं का? नाही. १७९० च्या शिरगणतीत सुमारे ३९ लाख लोक मोजले गेले. त्यांतले जवळजवळ ७ लाख गुलाम होते. त्यांना मत नव्हतं. पण राज्याच्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं, असं धरत! म्हणजे गुलामांमुळे त्यांच्या मालकांची ताकद वाढे. ही जादा मतं नसती तर १८०० मध्ये ॲडम्सच जिंकले असते, असं अनेक इतिहासकार म्हणतात. आणि 'सर्व माणसं समान' हे जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या जेफरसन यांनीही आयुष्यात ६०० हून अधिक गुलाम बाळगले.

बायकांनाही जवळजवळ कुठेच मत नव्हतं. न्यू जर्सी राज्यात मालमत्ता असलेल्या काही स्त्रिया मत देत, पण १८०७ मध्ये तोही हक्क काढून घेतला. गुलामगिरी संपायला १८६५ साल उजाडलं. त्याआधी १८६० च्या निवडणुकीचा निकाल दक्षिणेकडच्या राज्यांना सोसवला नाही आणि भयंकर यादवी युद्ध झालं. सर्व देशातल्या स्त्रियांसाठी मताच्या हक्काची घटनादुरुस्ती व्हायला १९२० उजाडलं.

गुलामगिरी संपल्याची ही बातमी आपल्या पुण्यापर्यंत पोहोचली होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं, तेव्हा ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं.

ॲडम्स आणि जेफरसन यांचं पुढे काय झालं? १८१२ साली त्यांनी अबोला सोडला आणि मरेपर्यंत एकमेकांना पत्रं लिहिली. दोघंही एकाच दिवशी वारले, ४ जुलै १८२६ रोजी. स्वातंत्र्य जाहीर होऊन त्या दिवशी बरोबर ५० वर्षं झाली होती!

आणि फ्रँकलिन यांचं 'टिकवता आलं तर' आजही जुनं झालेलं नाही. ६ जानेवारी २०२१ रोजी निकाल न मानणारा जमाव तिथल्या संसदेत, मतांची मोजणी चालू असतानाच घुसला. सदस्यांना आसरा शोधावा लागला. पण रात्री ते परत आले आणि पहाटेपर्यंत बसून त्यांनी मोजणी पुरी केली. नियम कागदावर असतात, ते पाळणारी माणसं लागतात.

वर्गात करून पाहा

वर्गाचा मॉनिटर निवडताना आधी हे तीन नियम ठरवून फळ्यावर लिहा. (१) मत कोणाकोणाला? कोणी सुटलं तर नाही ना? (२) दोघांना सारखी मतं पडली तर काय करायचं? (३) मॉनिटरनं किती दिवसांनी जागा सोडायची? मग चिठ्ठ्या टाका. आणि हरलेल्यानं जिंकलेल्याशी हात मिळवायला विसरायचं नाही. ॲडम्स यांना ते जमलं नव्हतं, तुम्हांला जमेल!