शिकंजा, हॅकसॉ आणि कानस: रोबोचे भाग हाताने घडवताना

२००८ साली पुण्यात भरलेल्या एबीयू रोबोकॉन स्पर्धेचा विषय होता ‘गोविंदा’, म्हणजे आपली दहीहंडी. कॉलेजात सीएनसी मशीन नाही म्हणून जळगाव-धुळ्याच्या मुलामुलींनी अशा स्पर्धांपासून दूर राहायचं कारण नाही. पहिल्या रोबोचा सांगाडा हाताच्या हत्यारांवर उभा राहतो. नेमकेपणा येतो तो आखणीतून आणि कामाच्या क्रमातून.

सामान

अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप आणि एल-अँगल हलके असतात, सहज कापले जातात. खिडक्या बनवणाऱ्या दुकानांत उरलेले तुकडे विचारून पाहा. पीव्हीसी पाइप तर खानदेशात शेतोशेती दिसतो. तो साधारण ८० अंश सेल्सिअसला मऊ पडतो, म्हणून हॉट एअर गनने वाकवता येतो. मात्र करपला तर विषारी धूर निघतो. काम मोकळ्या हवेत करा.

आखणी

सगळी मापं एकाच कडेपासून घ्या. एका भोकापासून पुढचं भोक मोजत गेलं, की चुका साठत जातात. गुण्या लावून रेष ओढा आणि भोकाच्या जागी सेंटर पंच मारा, नाहीतर बिट घसरतं.

कापणी

हॅकसॉच्या ब्लेडचे दात पुढे, आपल्यापासून दूर असावेत. दीड मिलिमीटर जाडीला इंचाला ३२ दातांचं ब्लेड घ्या. जाड दात पातळ धातूत अडकतात. रेषेबाहेर अर्धा मिलिमीटर सोडून कापा, उरलेलं कानशीने घासा.

जोडीचे भाग

डावी-उजवी पट्टी एकत्र आवळा, दोन्हींत एकदमच भोकं पाडा आणि वरच्या बाजूंवर खूण करा. माप किंचित चुकलं तरी दोन्हीकडे सारखंच चुकेल आणि चाकांचा आस सरळ राहील. पाच मिलिमीटरच्या बोल्टसाठी आधी तीनचं, मग साडेपाचचं बिट चालवा. मोटरसाठी लांबट खाच ठेवली, तर चेन ताणता येते. ड्रिल करताना चष्मा लावा, हातमोजे काढा. फिरत्या बिटात ते गुंततात.

ऊन

थ्रीडी प्रिंटरवरचे पीएलएचे भाग ६० अंशांच्या आसपास मऊ होतात. मे महिन्यात ते बंद गाडीत ठेवू नका.

लेथ

शाफ्ट आणि चाकाचा हब मात्र लेथवर करून घ्या. ड्रॉइंगवर मापासोबत किती फरक चालेल तेही लिहा. दहा भाग हाताने घासलेल्या विद्यार्थ्याला तो आकडा अचूक लिहिता येतो.