विज्ञानपटांतील मॅट चित्रे : यशापयशाची कारणमीमांसा

प्रस्तावना

चित्रपट हे मूलतः छायाचित्रणाचे माध्यम आहे. जे कॅमेऱ्यासमोर होते तेच आपण पडद्यावर पाहत आहोत, असा सर्वसाधारण प्रेक्षकाचा विश्वास असतो. विज्ञानपटाची अडचण नेमकी येथे सुरू होते. त्याला जे दाखवायचे असते ते जगात कोठेच अस्तित्वात नसते. परग्रहावरील नगर, भविष्यकाळातील उद्ध्वस्त राजधानी, अवकाशस्थानकाच्या पोटातील अथांग विवर यांपैकी काहीही छायाचित्रणासाठी उपलब्ध नसते आणि ते पूर्ण आकारात उभारणे कोणत्याही निर्मात्याला परवडत नाही. संगणकाचा वापर सुरू होण्यापूर्वीच्या सुमारे आठ दशकांत ही उणीव प्रतिकृतींच्या जोडीने चित्रकाराच्या कुंचल्याने भरून काढली. या कलाप्रकाराला ‘मॅट पेंटिंग’ असे म्हणतात.

मॅट चित्रांची चर्चा बहुधा ‘उत्कृष्ट’ आणि ‘निकृष्ट’ अशा दोन याद्यांपुरती मर्यादित राहते. जे खरे वाटले ते चांगले आणि जे रंगवलेले दिसले ते वाईट, हा त्यामागील निकष असतो. हा निकष चुकीचा नाही; परंतु तो अपुरा आहे. एखादे चित्र खरे का वाटते आणि दुसरे का वाटत नाही, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. शिवाय अपयशाचा सारा दोष चित्रकाराच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात एकाच चित्रकाराची कामे या दोन्ही याद्यांत आढळतात. याचा अर्थ यशापयशाची कारणे केवळ चित्रकाराच्या हातात नसून अन्यत्रही शोधावी लागतात.

उद्दिष्टे

१. मॅट चित्राची संकल्पना व तंत्र स्पष्ट करणे.
२. निवडक विज्ञानपटांतील यशस्वी व अयशस्वी चित्रांची कारणे तपासणे.
३. मूल्यमापनाचे अधिक न्याय्य निकष सुचविणे.

संकल्पना आणि तंत्र

‘मॅट’ म्हणजे झाकणी. चित्रचौकटीचा काही भाग काळ्या आवरणाने झाकायचा, उरलेल्या भागात नटांचे प्रत्यक्ष चित्रण करायचे आणि झाकलेल्या जागी नंतर रंगवलेले चित्र बसवायचे, हे या तंत्राचे मूळ सूत्र होय. याची प्राथमिक अवस्था म्हणजे काचचित्र. अमेरिकन छायाचित्रकार नॉर्मन डॉन यांनी १९०७ साली कॅलिफोर्नियातील जुन्या ख्रिस्ती मठांचे चित्रण करताना कॅमेऱ्यासमोर काच उभी केली आणि पडझड झालेल्या इमारतींचे नष्ट झालेले भाग त्या काचेवर रंगवून त्या पूर्ववत दिसतील अशी योजना केली.

या पद्धतीत चित्रीकरणाच्या जागीच चित्र पूर्ण करावे लागे. पुढे मूळ निगेटिव्हवरच दुहेरी चित्रण करण्याची पद्धत रूढ झाली. तीत चौकटीचा एक भाग झाकून दृश्य चित्रित केले जाई आणि ती फिल्म न धुता जपून ठेवली जाई. त्याच फिल्मचा थोडा तुकडा चाचणीसाठी धुवून त्याच्या आधारे चित्रकार काचेवर किंवा फळीवर चित्र रंगवी. जोड जुळल्याची खात्री झाल्यावर जपून ठेवलेल्या फिल्मवर दुसऱ्यांदा चित्रण होई. दोन्ही भाग एकाच फिल्मवर पहिल्याच पिढीत उमटत असल्याने चित्राचा दर्जा टिकून राही. मात्र चूक झाल्यास नटांचे मूळ दृश्यच वाया जाण्याचा धोका असे. हा धोका टाळण्यासाठी फिल्मची प्रत काढून त्या प्रतीवर चित्र जोडण्याची पद्धतही वापरात होती. तथापि प्रत काढताना दाणेदारपणा व छायाप्रकाशातील विरोध वाढतो आणि रंग ढळतात. त्यामुळे चित्रकाराला डोळ्याला दिसणारा नव्हे, तर फिल्मवर उमटणारा रंग मनात धरून रंगवावे लागे.

मराठी वाचकाला रंगवलेला पडदा अपरिचित नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर व आनंदराव पेंटर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत असत आणि बाबूराव पुढे चित्रपटनिर्मितीकडे वळले. तथापि नाटकाचा पडदा व मॅट चित्र यांत मूलभूत भेद आहे. राजवाड्याचा पडदा रंगवलेला आहे हे नाट्यगृहातील प्रेक्षकाला ठाऊक असते आणि तो त्या कौशल्याला उघड दाद देतो. मॅट चित्राला अशी दाद मिळाली, तर तेच त्याचे अपयश ठरते.

एकच चित्रकार, दोन परिणाम

चेस्ली बोनस्टेल (१८८८–१९८६) यांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. त्यांचे शिक्षण वास्तुशास्त्राचे होते. ‘सिटिझन केन’ (१९४१) या चित्रपटासाठी त्यांनी मॅट चित्रे रंगवली होती. १९४९ साली विली ले यांच्यासमवेत प्रसिद्ध झालेल्या ‘द काँक्वेस्ट ऑफ स्पेस’ या पुस्तकातील चित्रांमुळे ते अवकाशचित्रकार म्हणून विख्यात झाले.

निर्माते जॉर्ज पाल यांच्या ‘डेस्टिनेशन मून’ (१९५०) या चित्रपटात बोनस्टेल यांनी चंद्रभूमीचे दृश्य रंगवले. तांत्रिकदृष्ट्या हे नटांच्या मागे उभारलेल्या पार्श्वपटाचे काम असले, तरी प्रश्न तोच होता: रंगवलेले दूरचे जग आणि बांधलेली जवळची भूमी एकसंध कशी दिसावी? कलादिग्दर्शकाने चंद्रभूमीवर सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा दाखवल्या. चंद्रावर पाणी नसताना चिखलाच्या भेगा कशा पडतील, असा बोनस्टेल यांचा आक्षेप होता. परंतु जवळ मोठ्या आणि दूर लहान होत जाणाऱ्या भेगांमुळे मर्यादित रंगमंचावर मैलोन्‌मैल खोलीचा भास निर्माण होत होता. भेगा कायम राहिल्या. बोनस्टेल यांनी मोठ्या अभ्यासाने रंगवलेले चंद्रावरील उंच, धारदार कडेही पुढे खरे ठरले नाहीत. १९६९ नंतरच्या अपोलो मोहिमांत गोलसर, झिजलेले डोंगर आढळले. असे असूनही ते दृश्य आज निकृष्ट ठरत नाही. दृश्य पटणे आणि ते वैज्ञानिकदृष्ट्या अचूक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

पुढच्याच वर्षी आलेल्या पाल यांच्या ‘व्हेन वर्ल्ड्‌स कोलाइड’ (१९५१) या चित्रपटाचा शेवट याच्या उलट आहे. पृथ्वी नष्ट झाली आहे; मूठभर माणसे यानातून नव्या ग्रहावर उतरतात; यानाचे दार उघडते आणि त्यांच्या समोर नवे जग पसरलेले असते. संपूर्ण कथानकाची वाटचाल या एका दृश्याकडे असते आणि नेमके तेच दृश्य मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकातील पानासारखे सपाट दिसते. याचे कारण सर्वश्रुत आहे. पाल यांना येथे त्रिमितीय प्रतिकृती वापरायची होती. परंतु चित्रपट लवकर पूर्ण करण्याच्या घाईत बोनस्टेल यांचे प्राथमिक रंगीत रेखाटनच अंतिम दृश्यात वापरले गेले. ते रेखाटन कल्पना सुचविण्यासाठी होते, डोळ्यांना पटविण्यासाठी नव्हते. विशेष म्हणजे या चित्रपटाला विशेष दृश्य परिणामांसाठी ऑस्कर पुरस्कार मिळाला. तथापि आज तो आठवला जातो तो बहुधा शेवटच्या फसलेल्या चित्रामुळे. चित्रकार तोच, निर्माता तोच. फरक पडला तो कामासाठी मिळालेल्या अवधीचा.

यशस्वी चित्रांची काही उदाहरणे

‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ (१९६८) या चित्रपटाचा शेवट पिएर बूल यांच्या मूळ कादंबरीत नाही. समुद्रकिनाऱ्यावर अर्धवट गाडली गेलेली स्वातंत्र्यदेवतेची मूर्ती दिसते आणि हा परका ग्रह म्हणजे आपलीच पृथ्वी आहे हे नायकाला उमगते. येथेही चित्रपटाचा संपूर्ण अर्थ एका चित्रावर अवलंबून आहे. किनारा, लाटा आणि नट खरे आहेत. मूर्ती एमिल कोसा (धाकटे) यांनी रंगवलेली आहे. हे दृश्य यशस्वी होण्यामागे तीन कारणे दिसतात. मूर्तीचे पूर्ण दर्शन घडण्यापूर्वी तिच्या मुकुटाचे टोकदार भाग दाखवून प्रेक्षकाची नजर तयार केली जाते. कॅमेरा स्थिर राहतो. परंतु लाटा हलत राहतात आणि त्या हालचालीमुळे स्थिर चित्रालाही जिवंतपणा येतो. शेवटी पार्श्वसंगीताऐवजी केवळ लाटांचा आवाज ऐकू येतो. त्यामुळे दृश्याला साध्या वास्तवाचे वजन प्राप्त होते. म्हणजेच हे यश चित्रकाराइतकेच दिग्दर्शक, संकलक व ध्वनिसंयोजक यांचेही आहे.

‘स्टार वॉर्स’ (१९७७) मध्ये वृद्ध योद्धा ओबी-वॉन अवकाशस्थानकातील एका अरुंद कठड्यावर उभा राहून यंत्रणा बंद करतो. त्याच्या पायाखालचे अथांग विवर हॅरिसन एलेनशॉ यांच्या कुंचल्यातून उतरले आहे. प्रेक्षकाची दृष्टी नटाच्या तोल सावरण्यावर खिळलेली असते. विवर त्याला नकळत जाणवत राहते. चित्राकडे लक्ष जाऊ नये, परंतु त्याचा परिणाम मात्र व्हावा, ही मॅट चित्राची आदर्श अवस्था होय.

‘लोगन्स रन’ (१९७६) हा चित्रपट तुलनेसाठी उपयुक्त आहे. यातील भविष्यकालीन नगर प्रतिकृतींद्वारे दाखवले आहे आणि ते खेळण्यासारखे भासते. याउलट वेलींनी वेढलेली उजाड वॉशिंग्टन नगरी मॅथ्यू युरिसिच यांच्या मॅट चित्रांतून साकारली असून ती अधिक विश्वसनीय वाटते. त्रिमितीय वस्तू चित्रापेक्षा नेहमीच खरी दिसते, हा समज येथे खोटा ठरतो. युरिसिच यांनीच पुढे ‘ब्लेड रनर’ (१९८२) साठी चित्रे रंगवली. त्या चित्रपटातील अंधार, पाऊस व धूर हे वातावरणनिर्मितीचे घटक आहेत. त्याचबरोबर ते चित्र व प्रत्यक्ष दृश्य यांतील सांधाही झाकतात. विशेष परिणामांची दृश्ये पासष्ट मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर चित्रित केल्यामुळे प्रती काढतानाची हानीही मर्यादित राहिली.

दूरचित्रवाणीची मर्यादा

ब्रिटनमध्ये जन्मलेले अल्बर्ट व्हिटलॉक हे या क्षेत्रातील सर्वांत आदरणीय नावांपैकी एक होय. त्यांची चित्रे जवळून पाहिल्यास ढोबळ फटकारे दिसतात; बारीक तपशील फारसे नसतात. प्रकाश कोठून येतो आणि अंतरानुसार हवेतील धूसरता कशी वाढते, या दोन गोष्टी मात्र ते अत्यंत काटेकोरपणे सांभाळत. ढग स्वतंत्रपणे रंगवून ते मंद गतीने सरकवण्याची त्यांची युक्तीही परिणामकारक होती. तपशील वाढवला की सत्याभास वाढतो, या समजुतीला त्यांचे काम हे समर्पक उत्तर आहे.

व्हिटलॉक यांनी ‘स्टार ट्रेक’ (१९६६–६९) या दूरचित्रवाणी मालिकेसाठीही परग्रहांची चित्रे रंगवली. मालिकेला दर आठवड्याला नवे जग हवे असे. पैसा व वेळ मात्र तुटपुंजा होता. परिणामी चित्रांचा पुनर्वापर झाला. ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ (१९६६) या भागातील डेल्टा व्हेगा ग्रहावरील कारखान्याचे चित्र किरकोळ बदलांसह ‘डॅगर ऑफ द माइंड’ (१९६६) मध्ये बंदिवानांची वसाहत म्हणून अवतरले. ‘अ टेस्ट ऑफ आर्मागेडन’ (१९६७) मधील नगर पुढील वर्षी ‘विंक ऑफ ॲन आय’ मध्ये दुसऱ्याच ग्रहाचे नगर झाले. चाणाक्ष प्रेक्षकाने हे ओळखले की भ्रम तुटतो. येथे चित्रात उणीव नाही. एका चित्राने दोन जगे उभी करावीत, ही अपेक्षाच अवाजवी आहे. २००६ पासून या मालिकेच्या नव्या आवृत्तीत अनेक चित्रांच्या जागी संगणकीय दृश्ये बसविण्यात आली. त्यामुळे पुनरावृत्तीचा दोष दूर झाला. परंतु मूळ चित्रकाराची शैलीही दृष्टीआड झाली. जुन्या इमारतीची डागडुजी करताना तिच्यावरील मूळ भित्तिचित्र पुसण्यासारखाच हा प्रश्न आहे.

संगणकयुगातील स्थित्यंतर

‘डाय हार्ड २’ (१९९०) या चित्रपटातील विमानतळाच्या अंतिम दृश्यात रंगवलेले चित्र संगणकावर घेऊन प्रत्यक्ष चित्रणाशी जोडण्यात आले. हा विज्ञानपट नसला, तरी तंत्राच्या इतिहासात तो महत्त्वाचा टप्पा मानला जातो. त्याच वर्षी फोटोशॉप ही संगणकप्रणाली बाजारात आली. तिच्या दोन निर्मात्यांपैकी जॉन नोल हे विशेष परिणामांच्या क्षेत्रातच कार्यरत होते, हा निव्वळ योगायोग नव्हे. विसाव्या शतकाच्या अखेरीस काच व तैलरंग जवळजवळ हद्दपार झाले. आज चित्र त्रिमितीय आकारांवर प्रक्षेपित करून कॅमेरा त्यात फिरवता येतो. स्थिर कॅमेऱ्याची जुनी अट संपली. परंतु प्रकाशाची दिशा, अंतराची धूसरता व दृश्याचा कालावधी यांच्या अटी कायम आहेत. त्या न पाळणारे संगणकीय चित्रही काचेवरील चित्राइतकेच सहज उघडे पडते.

निष्कर्ष

१. मॅट चित्राचे यश तपशिलांच्या विपुलतेपेक्षा प्रकाश, यथादर्शन व सांधा यांच्या अचूकतेवर अवलंबून असते.
२. वैज्ञानिक अचूकता व दृश्याची विश्वसनीयता हे दोन स्वतंत्र निकष असून त्यांची गल्लत करू नये.
३. चित्र पडद्यावर किती काळ व कोणत्या क्षणी येते, यावर त्याचे मूल्य ठरते. कथेचा परमोच्च बिंदू ज्या चित्रावर अवलंबून असतो, त्याला सर्वाधिक अवधी मिळणे आवश्यक असते.
४. अपयशामागे बहुधा चित्रकाराच्या कौशल्याची उणीव नसून वेळ, पैसा व नियोजन यांची उणीव असते.

समारोप

मॅट चित्रकाराची कला विलक्षण निःस्वार्थ आहे. काम उत्तम झाले तर ते कोणाच्या लक्षात येत नाही. फसले तर त्याची चर्चा वर्षानुवर्षे चालते. समुद्रकिनाऱ्यावरील ती गाडलेली मूर्ती जगभर ओळखली जाते; कोसा यांचे नाव मात्र मोजक्या अभ्यासकांनाच ठाऊक आहे. चित्रपटाच्या अध्ययन-अध्यापनात दिग्दर्शक व नट यांच्याबरोबर या कलावंतांचाही विचार होणे अगत्याचे आहे. ‘निकृष्ट’ असा शिक्का मारण्यापूर्वी त्या चित्रामागील परिस्थिती तपासणे हे त्या विचाराचे पहिले पाऊल ठरेल.