फुटकी कवडी आणि धड कवडी

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या खानदेशी वस्त्यांना कवडी नवी नाही. देवीच्या आराध्याच्या गळ्यातली माळ कुणी पाहिली नसेल? तरी तिच्याविषयी दोन समज घट्ट आहेत. लाटांनी घासून ती गुळगुळीत होते, हा एक. आणि कवडीमोल म्हणजे शून्य मोलाचे, हा दुसरा. पहिला सुटला की दुसराही सुटतो. लाटांनी घासलेला शंख उलट पांढुरका, खरखरीत होतो. कवडीची चकाकी आतल्या गोगलगाईची कमाई आहे. तिच्या अंगाची पातळ घडी दोन्ही कडांनी वर येऊन पाठ झाकते आणि थरावर थर चढवत राहते. लहानपणी कवडी साध्या शंखासारखी, पातळ ओठाची असते; मोठेपणी ओठ आत वळतो, त्याला दाते फुटतात आणि पोटाशी नुसती फट उरते. मग ती लांबीत वाढत नाही, जाड होते. म्हणून पिवळसर, बोटाच्या पेरापेक्षा लहान कवड्या जवळपास एकसारख्या मिळतात. मोजायला सोप्या, झिजायला कठीण आणि नकली बनवायला महाग! चलनाला आणखी काय हवे?

हे चलन मुख्यतः मालदीवहून येई, म्हणून त्याला वाहतुकीचा खर्च लागे. 17व्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये लिहितो की समुद्राजवळ पैशाला 80 पर्यंत कवड्या मिळत, आग्र्यात 50-55च. पैशाला 80 म्हणजे फुकटच की, असे कोणी म्हणेल. पण चाळीसगावजवळच्या पाटणशी ज्यांच्या घराण्याचे नाते सांगितले जाते, त्या भास्कराचार्यांनी 1150च्या ‘लीलावती’त हिशेबाची सुरुवातच कवडीपासून केली आहे: 20 वराटकांची काकिणी, 4 काकिणींचा पण. तिथेही 80च. वराटक म्हणजे कवडी. सर्वांत लहान नाणे स्वस्त असते, निरुपयोगी नसते. भाजीची जुडी घ्यायला रुपया मोडणार कोण? आपल्या बोलीलाही हे ठाऊक आहे. काहीच नाही म्हणताना ती ‘फुटकी’ हा शब्द आवर्जून जोडते, कारण धड कवडी काहीतरी विकत घेई.

मग तिची किंमत गेली कशी? पांडेसऱ्यात मराठी माणसाच्या शेजारी ओडिया कारागीर राहतो. त्याच्या मुलखात उत्तर सापडते. 1803 मध्ये ओडिशा जिंकल्यावर कंपनी सरकार शेतसारा चांदीच्या रुपयात मागू लागले. कवडीचा भाव घसरला, आणि 1817च्या पाइक उठावामागच्या गाऱ्हाण्यांत हेही एक होते.