फडक्याची कोरी बाजू

पहाटे पावणेपाच

पुण्याच्या उंड्रीतल्या ज्या सोसायटीत मी गाड्या धुतो, तिथे एप्रिलच्या अखेरीस दिवसाचा पहिला आवाज टँकरचा असतो. दहा हजार लिटरचा टँकर मागे मागे येत फाटकातून आत शिरतो, जाड पाइप जमिनीखालच्या टाकीत सुटतो, वॉचमनमामा वहीत वेळ लिहून चालकाची सही घेतात. त्याच सुमारास मी खालच्या नळावर माझी बादली भरतो. बादलीला आतून साडेसात लिटरची खूण केलेली आहे. पाणी खुणेपर्यंत आलं की नळ बंद.

त्यात खोकल्याच्या औषधाच्या मापाने गाडी धुण्याचा ३० मिलि द्रव मोजून घालतो. एकास दोनशे छप्पन हे प्रमाण बाटलीवरच छापलेलं आहे. नवी पोरं हमखास दुप्पट ओततात, त्यांना वाटतं जास्त घातलं की जास्त निघेल. तसं होत नाही, उलट काचेवर ओघळ राहतात. या द्रवाला फेस नसतो. त्यातले पॉलिमर धुळीच्या कणाभोवती बसतात, कण आणि रंग यांच्यामध्ये निसरडा थर धरतात, आणि फडकं फिरलं की कण रंगावर घासला न जाता फडक्यात उचलला जातो. म्हणूनच वरून पाणी ओतून गाडी खळखळून धुवावी लागत नाही.

मग आठ फडकी बादलीत बुडवतो. चाळीस सेंटिमीटर बाय चाळीस, मायक्रोफायबरची, कडेला शिवण नसलेली. नवीन आणली की आधी त्यांची लेबलं कापून टाकायची, कारण लेबलाचा कडक कोपराही रंगावर रेघ उमटवतो. याशिवाय दोन मोठी कोरडी फडकी, चाकांसाठी जुनी वेगळ्या रंगाची, खांद्याला लावायचा फवाऱ्याचा पंप, एक बॅटरी आणि मळकी फडकी टाकायला बंद तोंडाची पिशवी.

सव्वापाच

पहिली गाडी काळी. काळ्या रंगावर काही लपत नाही, म्हणून ती मी डोळे ताजे असताना घेतो. तळघरातल्या ट्यूबलाइटखाली ती नुसती धुरकट दिसते. बॅटरी तिरकी धरली की खरं कळतं: बॉनेटवर पांढुरकी, कचकचीत धूळ. आसपास चहूकडे इमारती उठताहेत. ही धूळ मातीची कमी आणि सिमेंटची, खडीच्या चुऱ्याची जास्त. हाताला मऊ लागते, पण रंगाला मऊ नसते.

गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा. माणसाचा केस त्याहून जाड. चमक म्हणतो ती सगळी एवढ्याशा थरात असते. कोरडं फडकं झटकन फिरवलं की दगडाचा चुरा त्याच थरावरून ओढला जातो आणि उन्हात गाडी उभी केली की गोल गोल बारीक ओरखडे दिसायला लागतात. मालकाला वाटतं रंग जुना झाला.

म्हणून हात लावण्याआधी फवारा. त्याच द्रवाचं पाणी पंपात भरून एका वेळी एकच भाग भिजवतो. आधी टप, मग काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग, आणि सगळ्यात शेवटी दारांचा खालचा भाग आणि बंपर, कारण सगळ्यात जास्त खर तिथे असते. फवारून मिनिटभर थांबायचं. हे थांबणं शिकवायला मला सगळ्यात कठीण जातं. हात शिवशिवतात.

मग बादलीतलं एक फडकं उचलून हलकं पिळायचं. पाणी टपटपायला नको, पण फडकं ओलंचिंब हवं. दोनदा दुमडलं की त्याच्या आठ बाजू होतात. पहिली बाजू टपाच्या अर्ध्या भागावरून सरळ रेषेत, एकाच दिशेने, फक्त फडक्याच्या वजनाने फिरवायची. दाबायचं नाही, गोल घासायचं नाही. एक-दोन हात झाले की बाजू बदलायची. आठही बाजू वापरून झाल्या की फडकं पिशवीत. पुन्हा बादलीत कधीच नाही.

सगळं मर्म इथे आहे. नळीने धुताना धूळ वाहून न्यायचं काम पाणी करतं. इथे ते काम फडक्याची कोरी बाजू करते. आठ फडकी म्हणजे चौसष्ट कोऱ्या बाजू, आणि प्रत्येक बाजू एकदाच रंगाला लागते. पाणी कमी पडतं म्हणून कसंबसं भागवून नेणं हे नव्हे. मी दोन्ही पद्धतींनी गाड्या धुतल्या आहेत, आणि नीट केलेली ही पद्धत एका बादलीत एकच फडकं पुन्हा पुन्हा बुडवण्यापेक्षा रंगाला कितीतरी चांगली आहे. एका फडक्याने पुसायचं म्हटलं की पहिल्या दाराची खर बादलीत उतरते, आणि तिसऱ्या दारावर तीच परत लागते. अनेक फडक्यांची ही रीत अमेरिकेत गॅरी डीन या कारागिराच्या नावाने ओळखली जाते.

फडकंही साधं नाही. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांचे धागे चिरून इतके बारीक केलेले असतात की नऊ किलोमीटर लांब धाग्याचं वजन एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. इतका बारीक धागा जपानमध्ये विकसित झाला. तोरे कंपनीतल्या मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये तो आणला तेव्हा त्यापासून मऊ चामड्यासारखं कापड बनत होतं. चिरलेल्या धाग्यांमधल्या फटींत धूळ शिरते आणि तिथेच राहते. सुती फडक्यात ती वरवर राहते आणि रंगावर घासत जाते.

एक भाग पुसला की तो लगेच कोरड्या फडक्याने टिपायचा. टँकरचं पाणी जड असतं. थेंब तसेच वाळू दिले तर क्षाराची पांढरी वर्तुळं उरतात, आणि ती काढायला धुण्यापेक्षा जास्त मेहनत पडते.

साडेसहा

शेजारच्या रांगेत दुसरा मुलगा काम करतो. त्याला रोज पस्तीस-चाळीस गाड्या, लोक कामावर निघायच्या आत. एक बादली, एक पिवळं फडकं. त्याला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. महिन्याचे जेवढे पैसे लोक देतात तेवढ्यात यापेक्षा वेगळं काही होणं शक्य नाही. माझ्याकडे गाड्या कमी, प्रत्येक गाडीला पाऊण तास आणि दर चांगलाच जास्त.

तो माझी पिशवी बघत म्हणाला, “दादा, एवढी फडकी धुणार कोण?”

“मीच.”

“म्हणजे गाडी धुवायची, आणि मग फडकी धुवायची?”

“फडकी नीट धुतली तरच गाडी नीट धुतली जाते.”

तो हसला, पण जाताना आठ बाजूंची घडी माझ्याकडून शिकून गेला. निदान काचेला वेगळं आणि चाकाला वेगळं फडकं ठेव, एवढं मी त्याला सांगितलं. ब्रेकची काळी भुकटी लोखंडाची असते. ती चाकावरून दारावर आली की वाटच लागते.

आठ

तिसरी गाडी संपत असताना सोसायटीचे सेक्रेटरीकाका खाली आले. बैठकीत गाड्या धुण्यावर बंदी घालायचा विषय निघालाय म्हणाले. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत पिण्याचं पाणी गाडी धुवायला वापरलं तर पाच हजार रुपये दंड ठेवला होता, तो दाखला कुणीतरी दिला होता.

“काका, नळीवर बंदी घाला,” मी म्हटलं. “बादलीला माप लावा. पण धुणं बंद केलंत तर लोक कोरड्या फडक्याने धूळ झटकतील, आणि गाड्यांची वाट लागेल.”

त्यांनी माझ्या बादलीत वाकून पाहिलं. पाणी अजून स्वच्छ होतं, कारण त्यात मळकं काही परत गेलंच नव्हतं. त्याच पाण्याने मी चाकं धुतो.

साडेनऊ

पाच गाड्या झाल्या. वरच्या उघड्या पार्किंगमधली एक गाडी आज सोडून दिली. तिच्या बॉनेटवर हात ठेवला तर चटका बसला. तापलेल्या पत्र्यावर फवारा मारताच सुकतो आणि निसरडेपणा जातो. मालकीणबाईंना संध्याकाळची वेळ दिली. टपावर पक्ष्याची विष्ठा होती, तिच्यावर मात्र लगेच ओलं फडकं पाच मिनिटं ठेवून ती अलगद उचलली. ती दिवसभर उन्हात राहिली असती तर रंगावर डाग कोरला गेला असता.

दुपार

घरी येऊन जेवण आणि झोप. आमच्या गल्लीत पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून आज आधी पिंपं भरली.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात. १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली, दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात गावी घागरीच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला नळी सुरू ठेवून बॉनेटवर फेस करत बसणं जमत नाही. मी हे काम निवडलं त्यामागे पैसा आहे आणि हेही आहे.

साडेपाच

सकाळची राहिलेली गाडी आटोपली. तेवढ्यात एकजण गावाहून आलेली मोठी गाडी घेऊन आले. मडगार्डला ओल्या मातीचे गोळे, दारांवर वाळलेला चिखल. “तुमच्या त्या कमी पाण्याच्या पद्धतीने करून टाका,” म्हणाले. मी नाही म्हटलं. चिखलाच्या थरावर फडकं फिरवणं म्हणजे सँडपेपर फिरवणं. तिथे आधी प्रेशरचं पाणीच लागतं. पाणी वाचवायच्या हट्टाने रंग खराब करायचा नसतो, आणि ही पद्धत नेमकी धुळीच्या गाडीसाठीच आहे हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितलेलं बरं.

साडेसहा

आता खरं काम. सहा गाड्यांची ओली आणि कोरडी मिळून साठ फडकी, चार किलोच्या आसपास भरतात. आधी एकेक झटकून बोटांनी चाचपतो. खडीचा कण अडकला असेल तर तो इथेच सापडतो. जमिनीवर पडलेलं फडकं दिवसभर बाजूला ठेवलेलं असतं, ते चाकांच्या ढिगात जातं.

धुलाई यंत्रात दुसरे कपडे घालत नाही, सुती कपड्यांचे तंतू फडक्यांना चिकटतात. साबण द्रवरूप आणि थोडाच. कपडे मऊ करणारं कंडिशनर अजिबात नाही, ते धाग्यांवर थर देतं आणि मग फडकं ना पाणी शोषतं ना धूळ धरतं. ब्लीच नाही, उकळतं पाणी नाही. वाळवणं सावलीत.

पाण्याचा हिशोब इथे पूर्ण होतो, आणि तो लपवून उपयोग नाही. माझ्या यंत्राला एका वेळी साधारण ३५ लिटर लागतं. एकदा साबणाचं आणि दोनदा विसळायचं, म्हणजे १०५ लिटर. सहा गाड्यांत वाटलं की गाडीमागे साडेसतरा. त्यात बादलीचे साडेसात मिळवले की पंचवीस होतात. ‘सात लिटरमध्ये गाडी’ असं कुणी सांगितलं तर त्याने फडकी मोजलेली नाहीत. तरीही मिनिटाला बारा लिटर सोडणारी नळी दहा मिनिटं चालू राहिली तर १२० लिटर जातात, आणि तीन बादल्या घेतल्या तरी पंचेचाळीस. शेवटचं विसळलेलं पाणी पिंपात साठवून आम्ही संडासात वापरतो. यंत्राच्या सांडपाण्याच्या पाइपला जुना नायलॉनचा मोजा बांधलेला आहे, फडक्यांचे निघणारे तंतू त्यात अडकतात. फार बारीक धागे त्यातूनही निसटतात, त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.

साडेआठ

दोरीवरची फडकी काढून वेगळी करतो. मऊ ती रंगासाठी. गालावरून फिरवल्यावर थोडं खरखरलं की दारांच्या चौकटीसाठी, त्यानंतर चाकांसाठी, शेवटी इंजिनासाठी. आज चार फडकी रंगाच्या ढिगातून खाली उतरली.

नऊच्या सुमाराला चिखलवाल्या गाडीच्या मालकांचा फोन आला. जरा नाराज होते. वॉशिंग सेंटरवर नेऊन नुसता चिखल सोडवून आणा, त्यांना ब्रश लावू देऊ नका, असं सांगितलं. उद्या पहाटे सहाची वेळ दिली, आणि तळघरात सावलीत लावायला सांगितली.