तबकडीवर नाव कुणाचं?

मैत्रिणींनो, ‘एचएमव्ही’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? भोंग्यापुढे मान तिरकी करून बसलेलं कुत्रं, हो ना? आमच्या सासूबाई तर त्या तबकड्यांना ‘कुत्रा छाप’च म्हणतात. गाणारी कोण ते आठवो न आठवो, छाप मात्र पक्का लक्षात!

मी राहते भिवंडीच्या नारपोलीत. आमच्याकडे यंत्रमागावर विणलेलं कोरं कापड रंगाई-छपाईला बाहेर जातं आणि दुकानात पोचतं ते दुसऱ्याच कुणाच्या छापानं. मागासाठी कांड्या भरणारी बाई त्यात कुठेच दिसत नाही. म्हणूनच छापाचं आणि नावाचं हे गणित मला नेहमी विचारात पाडतं.

त्या कुत्र्याचं नाव निपर. फ्रान्सिस बारो या इंग्रज चित्रकारानं निपर गेल्यानंतर त्याचं चित्र काढलं. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीनं १८९९ साली ते १०० पौंडांना घेतलं. अट एकच, चित्रातलं जुनं यंत्र पुसून आमचा ग्रामोफोन काढायचा! ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ म्हणजे ‘धन्याचा आवाज’, हे चित्राचं नाव पुढे कंपनीचीच ओळख झालं.

याच कंपनीची माणसं १९०२ मध्ये ध्वनिमुद्रणासाठी कलकत्त्याला आली. तेव्हा गौहरजान त्यांच्यापुढे गायल्या. तबकड्या छापून यायच्या थेट जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. तिथल्या कामगारांना कुठलं गाणं कुणाचं, हे कसं कळणार? म्हणून गाणं संपलं की गौहरजान ठणकावून इंग्रजीत आपलं नाव सांगायच्या. सोय कंपनीची होती, पण त्यामुळे एका बाईचं नाव तिच्याच आवाजात कायमचं कोरलं गेलं.

पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, मग डमडमला मोठा कारखाना झाला. तबकड्या घरोघरी गेल्या. पण गाणारीचं नाव? १९४९ च्या ‘महल’मधलं ‘आयेगा आनेवाला’ देशभर गाजलं, तेव्हा तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं ‘कामिनी’. म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! श्रोत्यांनी रेडिओकडे पत्रांचा पाऊस पाडला, रेडिओनं कंपनीला विचारलं, तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव जाहीर झालं. याच लताबाई पुढे गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून भांडल्या. नावापाठोपाठ हक्काचा पैसा मागायला हिंमत लागते, बायांनो!

आणि त्या छापाचं काय झालं? १९८० च्या दशकात इथली कंपनी गोएंकांच्या उद्योगसमूहाकडे आली. २००० साली तिचं नाव बदलून ‘सारेगामा’ झालं. एवढा घरोघरी पोचलेला छाप, पण मागे पडला. २०१७ मध्ये याच कंपनीनं जुन्या रेडिओसारखा दिसणारा ‘कारवाँ’ काढला. त्यात हजारो जुनी गाणी भरलेली. बटण फिरवायचं ते कुणाच्या नावावर? लता, आशा, किशोर, रफी! म्हणजे कंपनीनं स्वतःचं नाव बदललं, तरी माल खपवायला गाणाऱ्यांचीच नावं लागली.

आमच्या शेजारच्या काकू बरीच वर्षं एका दुकानासाठी ब्लाऊज शिवायच्या. कॉलरपाशी चिठ्ठी दुकानाची. दुकान बंद पडलं आणि काकूंच्या लक्षात आलं, आपला हात शेकडो जणींच्या अंगावर आहे, पण आपलं नाव एकीलाही ठाऊक नाही. गिऱ्हाईक पुन्हा एकेक करून जोडावं लागलं. आता त्या प्रत्येक पिशवीवर स्वतःचं नाव आणि फोन नंबर लिहितात. अक्षर वाकडंतिकडं आहे, पण त्यांचं आहे.

तुम्ही पापड लाटता, गोधड्या शिवता, मसाले कुटता. छाप दुकानदाराचा असू दे, त्याचा व्यवहार त्याला. पण कोपऱ्यात का होईना, आपलं नाव घालायला लावा. कुणी आपण होऊन विचारेल, याची वाट कशाला बघायची?